चेहरा आणि उजेड

पाश्चात्त्य भाषांत ह्या विद्येला जे नाव पडले, त्याचा अर्थ 'प्रकाशाने केलेले लेखन' असा होतो. जॉन हर्शेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1839 साली ते रूढ केले. आपल्या भाषेने मात्र शब्द घडविला तो 'छायाचित्र'. त्यांनी उजेडाचे नाव घेतले, आपण सावलीचे घेतले. दोन्ही नावे खरीच आहेत; परंतु माणसाच्या चेहऱ्यापुरते बोलावयाचे तर आपले नाव अधिक कामाचे आहे असे आम्हांस वाटते. कागद सपाट असतो, आणि चेहरा तर मुळीच सपाट नसतो. नाक किती वर आले आहे, डोळा किती खोल गेला आहे, गालाचे हाड कोठे वळते, हे सपाट कागदावर सांगणारी खूण सावलीखेरीज दुसरी नाही. म्हणून व्यक्तिचित्रासाठी दिवे मांडणे म्हणजे चेहरा उजळणे नव्हे. सावली कोठे पडू द्यावयाची आणि कोठे नाही, ह्याचा तो निर्णय असतो.

हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. पस्तीस-एक वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी आमचा लहानसा स्टुडिओ होता. एका बाजाराच्या दिवशी एक शेतकरी आपल्या सत्तरीच्या आईला घेऊन आला. तिचा फोटो कधीच निघालेला नव्हता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आम्ही आजींच्या तोंडावर पावडरचा हात फिरविला, कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना दोन सारख्या ताकदीचे दिवे सारख्या अंतरावर लावले आणि फोटो काढला. पुढच्या बाजारी मुलगा प्रत घ्यावयास आला. बराच वेळ हातात धरून पाहत राहिला. पैसे मुकाट्याने काढून ठेवले आणि मग म्हणाला, "साहेब, फोटू झ्याक हाय, पर ही आमची आई न्हवं."

"म्हणजे? काय झालं?" आम्ही विचारले.

"तिच्या कपाळाच्या आठ्या कुठं गेल्या? आन् ती सावळी हाय, साहेब. ह्यात कुणी दुसरीच बसलीया."

आजी मागेच उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "जाऊ दे रं. गोरी केलीया मला लेकरानं."

आम्ही पैसे परत केले आणि पुन्हा बसण्याची विनंती केली. नेमकी त्या वेळी वीज गेलेली होती. नाइलाजाने आम्ही आजींना दाराशी, उजेड एका अंगाने येईल अशा बेताने स्टुलावर बसविले, पावडर पुसावयास लावली, आणि दुसऱ्या अंगाला आमच्या मदतनिसाला पांढरे धोतर पसरून धरावयास सांगितले. तो फोटो पाहिल्यावर मुलाने नुसते "हां" म्हटले आणि तो उपरण्याच्या पदरात गुंडाळून नेला. आमच्या हजार वॅटच्या दिव्यांना जे साधले नाही ते एका दाराने का साधले, हे समजून घेण्यात पुढे आमची पुष्कळ वर्षे गेली. त्यातले जे सर्वांच्या उपयोगी पडण्याजोगे आहे तेवढे येथे सांगण्याचा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण दाराचा उजेड ही आमची युक्ती नव्हे. ती ह्या कलेइतकीच जुनी आहे. 1839 साली फ्रान्समध्ये दागेर ह्यांची पद्धत जाहीर झाली तेव्हा तिला उजेड इतका लागे की माणसाचे चित्र घेणे जिकिरीचेच होते. त्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे रॉबर्ट कॉर्नेलियस ह्याने स्वतःचे चित्र घेतले ते घराबाहेर, उघड्यावर. 1841 साली लंडनमध्ये रिचर्ड बिअर्ड ह्याने आपला स्टुडिओ एका संस्थेच्या छतावर थाटला आणि उन्हाची तिरीप डोळ्यांना सोसावी म्हणून निळी काच बसविली. बसणाऱ्याचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू देत. मुंबईत ही विद्या फार लवकर आली. 1854 साली तेथे छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या आपल्या नामांकित छायाचित्रकारांपैकी एक होते. पुढे राजा दीनदयाळ ह्यांनी हैदराबादेत व 1896 साली मुंबईत स्टुडिओ काढले. विजेचे दिवे सर्रास होण्यापूर्वीच्या ह्या मंडळींचा सारा भरवसा काचेच्या छपरावर, मोठ्या खिडकीवर आणि पडद्यांवर असे.

युरोपातील चित्रकार व छायाचित्रकार खिडकी उत्तरेची पसंत करीत, कारण तिकडे सूर्य सदैव दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेच्या खिडकीतून ऊन न येता केवळ आकाशाचा शांत उजेड येतो. हा नियम आपल्याकडे तसाच्या तसा उचलता येत नाही. पुण्यासारख्या ठिकाणी मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळचे ऊनही उत्तरेच्या खिडकीत शिरते. तेव्हा दिशा पाठ करून चालत नाही. खिडकीत ऊन आहे की नुसता उजेड आहे, हे त्या घटकेला पाहावे लागते.

आता उजेडाच्या गुणांकडे वळू. दिवा कोणताही असो, त्याच्याविषयी चार प्रश्न विचारावेत: तो केवढा आहे, किती दूर आहे, कोठून येतो, आणि त्याच्या जोडीला दुसरा किती उजेड आहे.

पहिला प्रश्न आकाराचा. आकार म्हणजे दिव्याचे माप नव्हे. बसलेल्या माणसाच्या जागेवरून तो केवढा दिसतो ते महत्त्वाचे. सूर्य पृथ्वीहून कितीतरी मोठा, पण इतका दूर की आकाशात तो अर्धा अंश भरेल एवढाच दिसतो. म्हणून उन्हातली सावली सुरीने कापल्यासारखी तीक्ष्ण पडते. तोच सूर्य ढगाआड गेला की सारे आभाळच दिवा होते, आणि सावलीच्या कडा विरघळतात. पहिल्याला कठोर उजेड म्हणतात, दुसऱ्याला मृदू. स्टुडिओतील पांढरी छत्री, कापड लावलेली पेटी, भिंतीवर आपटून आणलेला प्रकाश, ह्या सर्वांचे काम एकच: लहान दिव्याला मोठे करणे. मात्र मोठी छत्रीसुद्धा वीस फुटांवर नेऊन ठेवली तर पुन्हा लहानच होते. मृदू उजेड हवा असेल तर दिवा जवळ आणावा लागतो.

दुसरा प्रश्न अंतराचा. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तीन फुटांवर जेवढा उजेड पडतो त्याच्या चौथा हिस्सा सहा फुटांवर पडतो, आणि नवव्या हिश्श्याइतका नऊ फुटांवर. ह्यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि मागची भिंत दिव्यापासून नऊ फुटांवर असेल, तर भिंत आपोआप अंधारी होते; काळा पडदा विकत आणावा लागत नाही. उलट दिवा दूर नेला की चेहरा व भिंत ह्यांच्यातला फरक कमी होत जातो.

तिसरा प्रश्न दिशेचा. व्यक्तिचित्रणाच्या ज्या प्रसिद्ध मांडण्या आहेत त्या सर्व ह्याच एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत. त्यांची नावे पाठ करण्यापेक्षा नाकाच्या सावलीकडे पाहण्याची सवय करावी. नाक हा चेहऱ्यावरचा घड्याळाचा काटाच आहे असे समजावे.

दिवा बरोबर समोर, पण डोक्याच्या बराच वर ठेवला, तर नाकाची लहानशी सावली सरळ खाली, ओठाच्या वर पडते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो म्हणून ह्या मांडणीला फुलपाखराचे नाव पडले. हॉलिवुडच्या पॅरामाउंट स्टुडिओत ती इतकी रुळली की त्या स्टुडिओच्या नावानेही ती ओळखली जाते. 1932 सालच्या 'शांघाय एक्स्प्रेस' चित्रपटात मार्लीन डीट्रिचचा चेहरा दिग्दर्शक स्टर्नबर्ग ह्याने असाच उजळून घेतलेला आहे. गालाची हाडे हिच्यात उठून दिसतात. मात्र सावली ओठाला शिवू देऊ नये, आणि डोळे खोल असतील तर दिवा खाली घ्यावा. नाहीतर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात.

तोच दिवा एका बाजूला तीस-चाळीस अंश सरकविला आणि डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर ठेवला, तर नाकाची सावली तिरपी होऊन गालावर लहानसा फास टाकल्यासारखी पडते. ही मांडणी बहुतेक सर्व चेहऱ्यांना मानवते. नवशिक्याने हिच्यापासूनच आरंभ करावा.

दिवा आणखी बाजूला व आणखी वर नेला की नाकाची सावली लांबत जाऊन पलीकडच्या गालाच्या सावलीला मिळते, आणि त्या अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण तेवढा उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांट (1606–1669) ह्याच्या चित्रांत असा प्रकाश वारंवार आढळतो म्हणून त्याचे नाव ह्या मांडणीला मिळाले. त्रिकोण डोळ्याहून रुंद आणि नाकाहून लांब नसावा, आणि पलीकडच्या डोळ्यात उजेड पोचलाच पाहिजे, एवढी पथ्ये आहेत. वयस्क चेहरा आणि ज्याच्यावर आयुष्याने काही लिहून ठेवले आहे असा चेहरा ह्या प्रकाशात विशेष बोलतो. आजींना दाराशी बसविताना नकळत आम्ही जवळपास हीच मांडणी केली होती.

दिवा थेट काटकोनात आणला तर चेहऱ्याचे दोन भाग होतात, अर्धा उजेडात व अर्धा अंधारात. ही मांडणी जपून वापरावी. तिच्यात नाट्य फार असते, आणि माणसापेक्षा नाट्यच अधिक दिसते.

ह्या सर्वांना लागू पडणारा आणखी एक भेद आहे. माणूस थोडा वळून बसला की त्याची एक बाजू कॅमेऱ्याला रुंद दिसते व दुसरी अरुंद. दिवा रुंद बाजूवर पाडला तर चेहरा भरदार भासतो. अरुंद बाजूवर पाडला, म्हणजे कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत ठेवली, तर तो निमुळता व अधिक घडीव भासतो. वाळलेल्या गालांना पहिली रीत बरी, गुबगुबीत चेहऱ्याला दुसरी.

चौथा प्रश्न जोडीच्या उजेडाचा. एकट्या दिव्याची सावली डोळ्यांना बरी दिसते, पण चित्रात ती काळीकुट्ट येते, कारण आपला डोळा जेवढा फरक सांभाळतो तेवढा कॅमेरा सांभाळीत नाही. म्हणून सावलीच्या अंगाने थोडा पूरक उजेड द्यावयाचा. त्याला दुसरा दिवाच पाहिजे असे नाही; पांढरा पुठ्ठा, थर्माकोलचा तुकडा, धुतलेले धोतर, काहीही चालते. उजळ गाल सावलीच्या गालाच्या दुप्पट उजळ असेल तर तो एका स्टॉपचा फरक, चौपट असेल तर दोन स्टॉपचा. तिप्पट, म्हणजे सुमारे दीड स्टॉप, हे प्रमाण नेहमीच्या व्यक्तिचित्राला योग्य समजले जाते. पूरक उजेड मुख्य उजेडाइतका झाला की सावली मरते, आणि सावलीबरोबर चेहऱ्याची घडणही जाते. आमच्या त्या दोन सारख्या दिव्यांनी हेच केले होते: एकाने घातलेली सावली दुसरा पुसून टाकीत होता. आजींच्या कपाळाच्या आठ्या कोणी चोरल्या, ह्याचे उत्तर हे असे आहे.

ह्यावर केसांच्या कडा उजळणारा मागचा दिवा आणि भिंतीवरचा दिवा, असे आणखी दोन लावता येतात. काळे केस काळ्या पार्श्वभूमीत बुडू नयेत एवढाच पहिल्याचा उपयोग. पण हे अलंकार होत. मुख्य दिवा चुकला असेल तर त्यांनी काही सुधारत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येऊ. आपल्याकडच्या स्टुडिओंत पावडर, समोरचा भडक दिवा आणि पुढे निगेटिव्हवर पेन्सिलीचे काम, ह्या साऱ्यांचा रोख एकाच दिशेला असे: माणूस गोरा दिसावा. त्यात केवळ फोटोवाल्याचा दोष नव्हता. गिऱ्हाइकाचीही तशी इच्छा असे, आणि लग्नासाठी मुलीचा फोटो काढावयाचा तर आई-बाप स्पष्टच तसे सांगत. साधनेही त्याच बाजूची होती. रंगीत फोटो धुताना रंग बरोबर आले की नाही हे ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी जे नमुनाचित्र प्रयोगशाळांना पुरवी, त्यावर कित्येक दशके गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे; निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले नमुनाचित्र 1990 च्या दशकात आले. ज्या मापाने यंत्र जुळविले ते माप आपल्या बहुसंख्य चेहऱ्यांचे नव्हते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाचेही असेच आहे. त्याला माणूस कळत नाही. समोर जे येईल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून तो चालतो. पांढरा पटका आणि पांढरा सदरा घातलेला शेतकरी समोर बसला की मापक त्या पांढऱ्यालाच पाहतो, उजेड फार झाला असे ठरवून तो कमी करतो, आणि उन्हाने रापलेला चेहरा काळा ठिक्कर पडतो. उलट सावळा चेहरा जवळून घेतला तर तोच मापक उजेड वाढवितो, आणि कपाळ-नाक पांढरेफटक होऊन रंग धुऊन निघतो. दोन्ही वेळा लोक दोष देतात तो चेहऱ्याला! उपाय सोपा आहे. मापक चेहऱ्याशी धरून त्याच्यावर पडणारा उजेड मोजावा. मोबाइल असेल तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून, मग उजेड कमी-जास्त करून पाहावा.

सावळ्या वर्णाची आणखी एक खुबी आहे. गोऱ्या चेहऱ्याचा आकार मुख्यतः सावलीने कळतो. सावळ्या चेहऱ्याचा आकार सावलीइतकाच कातडीवरच्या झळाळीने कळतो, जसा तांब्याच्या भांड्याचा डौल त्याच्यावरच्या चमकेने कळतो. झळाळी म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब. दिवा लहान व कठोर असेल तर ते प्रतिबिंब ठिपक्यासारखे पडून घामट दिसते. दिवा मोठा, मृदू आणि बाजूचा असेल तर गालाच्या हाडावरून, कपाळावरून ते लांब व नितळ उतरते. तेव्हा सावळ्या माणसाला अधिक दिव्यांची गरज नसते, अधिक मोठ्या दिव्याची असते. आणि पावडर तर त्या झळाळीचीच शत्रू.

अशा मोठ्या उजेडाचे सर्वोत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. सत्यजित राय ह्यांच्या 1956 सालच्या 'अपराजितो'साठी काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले. अंगणात उजेड वरून, आभाळातून झिरपत यावयास हवा होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र ह्यांनी वर पांढरे कापड ताणून बसविले आणि दिव्यांचे झोत थेट नटांवर न पाडता त्या कापडावर पाडून खाली परतविले. बाजूच्या दिव्यांनी पडणाऱ्या खोट्या सावल्या नाहीशा झाल्या. कापडाचा एक तुकडा, पण त्यामागे अंगणात बसून उजेड न्याहाळलेला एक माणूस होता.

हा प्रयोग घरी कोणासही करता येईल. ज्या खिडकीत ऊन नाही अशी मोठी खिडकी निवडावी. खोलीतले दिवे मालवावेत. पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे 2700 ते 3000 केल्विन आणि दिवसाचा सुमारे 5500, त्यामुळे दोन्ही मिसळले की अर्धा चेहरा पिवळा व अर्धा निळसर येतो. खुर्ची खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवावी. खिडकी जमिनीपर्यंत असेल तर खालच्या अर्ध्या भागावर पडदा ओढावा, म्हणजे उजेड वरून येईल. घरातील वडीलधाऱ्या माणसास तेथे बसवून त्यांना सावकाश खिडकीकडे व खिडकीपासून दूर मान वळवावयास सांगावे, आणि फोटो न काढता पाच मिनिटे केवळ नाकाच्या सावलीकडे पाहावे. वर सांगितलेल्या मांडण्यांपैकी बहुतेक त्या पाच मिनिटांत दिसून जातील. मग सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरावी आणि ती जवळ-दूर करून पाहावी. डोळ्यांच्या बुबुळात खिडकीचा ठिपका चमकतो आहे ना, ते तपासावे. तो नसेल तर चेहरा निर्जीव वाटतो. चष्म्यावर चकाकी येत असेल तर चष्मा काढावयास सांगू नये. दांड्या कानावर किंचित उचलाव्यात, म्हणजे काच खाली कलते आणि प्रतिबिंब निसटते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि पाच-सहा फूट दूर असावा. मोबाइल तोंडाशी नेला की नाक मोठे व कान लहान दिसतात. कॅमेऱ्यावरचा झोतदिवा बंद ठेवावा.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पावडरचा डबाही त्याच्याच आत बसविलेला आहे: कातडी गुळगुळीत करणारी, वर्ण उजळविणारी योजना न विचारता आपले काम करून जाते. ती बंद करता येते, आणि निदान घरच्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो घेताना ती बंद करावी अशी आमची विनंती आहे.

तो शेतकरी दीड-दोन वर्षांनी पुन्हा आला. उपरण्यातून त्याने तोच फोटो काढला आणि भिंतीवर लावण्याजोगा मोठा करून मागितला. चौकटीला वर खिळा मारून ठेवा म्हणाला, हार अडकवावयाला. आम्ही काही विचारले नाही. मोठ्या प्रतीत कपाळाच्या तिन्ही आठ्या स्पष्ट आल्या होत्या. त्याने त्यांच्यावरून एकदा अंगठा फिरविला, आणि ह्या खेपेस पैसे देताना काही बोलला नाही.